उचललेला बॉल

डेट्रॉइटच्या ग्रॅशट रस्त्यावर, टायरच्या बंद दुकानासमोर, अर्नेटाने एकाएकी बसचा ब्रेक दाबला. पुढे काहीच नव्हतं. ना कुत्रं, ना सायकल, ना सिग्नल. उभे असलेले पॅसेंजर एकमेकांवर कलंडले, कुणाची तरी कॉफी सांडली, मागून एक बाई ओरडली, "अहो, जरा बेतानं! माणसं आहेत, बटाटे नाहीत!" अर्नेटाने आरशात बघून हात हलवला, चुकलं म्हणाली आणि बस पुन्हा हळूहळू पुढे काढली. रोजच्या रस्त्यावर इतक्या वर्षांत तिच्याकडून असं कधी झालं नव्हतं. ब्रेक दाबला गेला तो म्हातारा ओडम बोलला म्हणून, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. ओडम नेहमीसारखा तिच्या मागच्या आडव्या बाकावर काठी गुडघ्यांत धरून बसला होता आणि नेहमीसारखाच शहराच्या बास्केटबॉल टीमवर घसरला होता. "त्या टॉलिव्हरच्या पोराचं कौतुक मला सांगू नका," तो म्हणाला होता. "समोरून कुणी आडदांड अंगावर आला रे आला, की हा बॉल दोन्ही हातांत धरून जागच्या जागी खांब! अरे बाबा, तुला दुसऱ्या टीमच्या माणसानं अडवलंय, पोलिसानं नाही!" यावर अख्खी बस हसली. त्या हसण्यात म्हाताऱ्या होत्या, शाळकरी पोरं होती, कानाला फोन लावलेला माणूस होता. पोलिसासमोर तसं उभं राहायला ज्याला कुणी लहानपणी शिकवलं नव्हतं, असा काळ्या माणसांच्या त्या बसमध्ये एकही जण नसावा. अर्नेटाही हसली. आणि हसता हसता तिचा पाय ब्रेकवर पडला, कारण ओडमने थट्टेत जे सांगितलं ते खरं होतं आणि ते खरं आहे हे अख्ख्या डेट्रॉइटमध्ये तिच्या एकटीलाच ठाऊक होतं.

तो टॉलिव्हरचा पोरगा तिचा होता. कॉर्डेल. आडनाव बापाचं, आणि बाप कधीच अटलांटाला निघून गेलेला. तिच्या गणवेशावरच्या पट्टीवर तिचं माहेरचं नाव, बॉइड. नोव्हेंबरमध्ये हंगाम सुरू झाला तेव्हा बसमध्ये पहिल्यांदा त्याचं नाव निघालं, आणि आपल्याच गावातला पोरगा आपल्याच टीमकडून खेळतोय म्हणून लोक खुशीत होते. त्या दिवशी तिच्या अगदी ओठांवर आलं होतं, माझा आहे तो, मी वाढवलाय. पण बस चालवताना फुशारकी मारणं तिला बरं वाटलं नाही. उद्या सांगू म्हणाली. मग डिसेंबर आला, टीम हरायला लागली, आणि मग सांगण्यात अर्थच उरला नाही. तेव्हापासून रोज सकाळी दारूच्या दुकानापासून इस्पितळापर्यंत लोक तिच्या पाठीमागे तिच्या मुलाची चिरफाड करत आले होते आणि ती समोरच्या काचेत बघत ऐकत आली होती. वीस वर्षांचा पोर, पहिलंच वर्ष, आणि त्याच्या हातात टीमचा सगळा कारभार. पॉइंट गार्डचं कामच ते. बॉल टप्पे देत आणायचा, कुठे कोण मोकळं आहे ते हेरायचं, चार जणांना खेळवायचं. आणि नियम असा की टप्पा थांबवून एकदा बॉल दोन्ही हातांत उचलला की पुन्हा टप्पा देता येत नाही. मग पाय खिळले. बॉल कुणाला तरी द्यायचा, नाहीतर गमवायचा. शहाणा गार्ड म्हणूनच शेवटपर्यंत टप्पा जिवंत ठेवतो. कॉर्डेल ठेवत नसे. अंगावर कुणी धावून आलं की त्याचे हात आपोआप बॉल उचलत, छातीशी धरत, आणि तो उभा राही. शेवटच्या सामन्यात तर मैदानाच्या मधोमध, आजूबाजूला आपला एकही माणूस नसताना उभा राहिला. समोरच्याने बॉल त्याच्या हातांतून अलगद काढून घेतला. तो तुकडा टीव्हीवर किती वेळा दाखवला असेल देव जाणे. आता जुलैमध्ये लास वेगासला उन्हाळी सामने होते, आणि ते झाले की टीम ठरवणार होती, याला ठेवायचा की सोडायचा.

"वीस वर्षांचं पोर आहे ते!" त्या दिवशीही रोशेल ओडमवर तुटून पडली. रोशेल इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला होती आणि कॉर्डेलची बाजू घेणारी त्या बसमधली ती एकटीच. "तुम्ही विसाव्या वर्षी काय दिवे लावत होता, मिस्टर ओडम?"

"मी? मी कारखान्यात गाड्यांना दारं बसवत होतो. आणि एकदासुद्धा दार हातात धरून उभा राहिलो नाही!"

"त्याची नजर बघा ना पण. बॉल कुठं जाणार ते त्याला आधीच दिसतं. असं शिकवून येतं का?"

"नजर आहे. मी कुठं नाही म्हणतोय? नजर आहे, पाय आहेत, सगळं आहे. पण भित्रा आहे गं पोरी. आणि भीती कुठला कोच काढून देत नाही."

भित्रा. हा शब्द अर्नेटा इस्पितळाच्या थांब्यापर्यंत घेऊन गेली, परतीच्या फेरीत घेऊन आली, डेपोत बस लावतानाही तो तिच्याबरोबर होता. कॉर्डेल भित्रा नव्हता. लहानपणी तो कशालाच घाबरत नसे, आणि तिला घाबरवणारी गोष्ट नेमकी तीच होती. नदीतल्या बेल आयल बेटाच्या पुलावर कठड्याला लोंबकळायचा. मोठ्या पोरांच्या खेळात घुसायचा, पडायचा, रक्त पुसून पुन्हा घुसायचा. मग एका उन्हाळ्यात तो असा काही वाढला की जूनमधली पँट ऑगस्टमध्ये पोटऱ्यांवर आली. चर्चमधल्या बायका म्हणाल्या, अर्नेटा, देवानं तुला खेळाडू दिला गं! तीही हसून हो म्हणाली, आणि घरी येऊन स्वयंपाकघरात खुर्चीवर मटकन बसली. अकरा वर्षांचा होता तो. अजून दिव्याशिवाय झोपत नव्हता. पण आता रस्त्यावर त्याच्याकडे बघणाऱ्याला लहान मूल दिसणार नव्हतं, भलामोठा काळा माणूस दिसणार होता. त्याच आठवड्यात तिने शिकवणी सुरू केली. तिच्या आईने अलाबामात तिच्या भावांना शिकवलं होतं तशीच, त्याच शब्दांत. पोलिसानं हाक मारली की थांबायचं. पळायचं नाही, वळायचं नाही, खिशाकडे हात न्यायचा नाही. दोन्ही हात पुढे, दिसतील असे. आवाज खाली. हो सर, नाही सर. रात्रीचं जेवण झालं की ती घरातल्या लांबट बोळात दिवे घालवायची, हातात बॅटरी घ्यायची आणि अंधारातून एकदम त्याच्या अंगावर धावून जायची. "ए! थांब!" पहिल्यांदा तो खिदळला. दुसऱ्यांदा बाजूने निसटून पळाला, चपळ कसला, नुसता पारा. तिने त्याच्या थोबाडीत मारली. आयुष्यात त्याला मारलं असेल ते तेवढंच. मग तो शिकला. इतका छान शिकला की बॅटरीचा उजेड पडायच्या आत त्याचे पाय रुतलेले असायचे आणि हात पुढे आलेले असायचे. बहुतेक वेळा त्या हातांत बॉल असायचा, कारण बॉल त्याच्या हातात नाही असं व्हायचंच नाही. तो दोन्ही हातांनी बॉल छातीशी धरायचा, म्हणजे हात दिसायचे. ती म्हणायची, शाबास. डोक्यावरून हात फिरवायची. त्या शाबासकीसाठी तो स्वतःहून म्हणायचा, मा, आज पुन्हा खेळू या ना ते.

आणि ते उपयोगी पडलं. तो सोळाचा असताना, जिथून गोऱ्यांची वस्ती सुरू होते त्या एट माइल रस्त्याच्या पलीकडे, मागून पोलिसांचे लाल-निळे दिवे आले. गाडी तो चालवत होता, ती शेजारी. मागचा एक दिवा गेला होता, एवढंच. ऑफिसर खिडकीशी येईपर्यंत कॉर्डेलचे हात स्टिअरिंगवर वरच्या बाजूला ठेवलेले होते, बोटं पसरलेली, नजर समोर. हो सर. नाही सर. कागद त्या कप्प्यात आहेत सर, काढू का? ऑफिसर तरुण होता, नाकावर उन्हाने सोललेली कातडी होती. त्याने मागच्या सीटवरचा बॉल पाहिला, कोणत्या शाळेकडून खेळतोस विचारलं, दिवा बदलून घे म्हणाला, चांगला खेळ म्हणाला आणि गेला. एवढंच. काही झालं नाही. घरी येऊन अर्नेटाने बाथरूमचं दार लावून घेतलं. नंतर थंड फरशीवर बसून तिने देवाचे आभार मानले, आणि देवाच्या आधी त्या बोळाचे.

आता ओडमच्या एका वाक्याने तो बोळ थेट त्या झगझगीत मैदानापर्यंत पोचला होता. तिला रात्री झोप येईना. सामन्यांचे जुने तुकडे ती फोनवर पुन्हा पुन्हा बघू लागली. समोरचा माणूस धावून येतो. कॉर्डेलचा खांदा आत जातो, पाय रुततात, बॉल वर, छातीशी, दोन्ही हात दिसतील असे. ती आवाज बंद करून बघायची. आवाज नसला की ते बास्केटबॉल वाटतच नसे. तो तिचा अकरा वर्षांचा मुलगा असायचा आणि शाबासकीची वाट बघत असायचा. कोच व्हिटलॉक रेडिओवर सांगत होता की पोराच्या डोक्यात काहीतरी अडकलंय, ते काय आहे ते आम्हाला सापडत नाही. तिला सापडलं होतं. एक फोन करून ती ते सांगू शकली असती. तिने केला नाही. का केला नाही, हे ती स्वतःला विचारतच नव्हती, आणि तिच्या छातीवरचं खरं ओझं ते होतं.

ते बाहेर पडलं जूनमधल्या एका सकाळी. टीमने आणखी एक तरुण गार्ड घेतल्याची बातमी आली होती आणि बसमध्ये नुसता गोंधळ चालला होता. ओडम म्हणत होता, झालं, टॉलिव्हरचं बिऱ्हाड उठलं. रोशेल म्हणत होती, थांबा हो, उन्हाळा तरी जाऊ द्या. कुणीच कुणाचं ऐकेना, तेव्हा ओडमने अर्नेटाच्या पाठीमागच्या खांबावर काठीने टकटक केलं.

"तूच सांग गं पोरी, तू रोज ऐकतेस आमचं. ठेवायचं का त्याला?"

लाल सिग्नल होता. निसटायला जागा नव्हती. "सोडून द्यावं त्याला," अर्नेटा म्हणाली.

"तुमच्याकडून हे ऐकेन असं वाटलं नव्हतं," रोशेल म्हणाली. तिला खरंच लागलेलं दिसलं. "त्याच्या आईनं ऐकलं तर काय वाटेल?"

"तिला सुटल्यासारखं वाटेल," अर्नेटा म्हणाली, आणि सिग्नल हिरवा झाला.

ती थट्टा नव्हती, ओडमची मर्जी राखायला बोललेलं नव्हतं. तिला तेच हवं होतं. टीमने त्याला सोडावं, त्याने कुठल्यातरी शाळेत पोरांना शिकवावं, रविवारी जेवायला यावं, आणि ते थांबणं त्याच्या हाडांत तसंच राहावं, म्हातारा होईपर्यंत. लहानपणापासून ज्याच्यासाठी पोराने जीव टाकला ते त्याच्या हातून जावं, अशी त्याची आई मनातून प्रार्थना करत होती. तिला स्वतःचीच भीती वाटली. कुठल्या आईला असं वाटतं? आणि दुसऱ्याच क्षणी मनात आलं, पोलिसानं अडवल्यावर ज्यांची मुलं घरी परत आली नाहीत त्या सगळ्या आयांना असंच वाटत असेल. आपल्याला ते नुसतं आधीच वाटतंय.

रविवारी चर्चमधून आल्यावर तिने चिकन रश्श्यात शिजत ठेवलं, कोलार्डची पालेभाजी केली, मक्याचा पाव भाजला. कॉर्डेल दुपारी आला, दारात नेहमीसारखा डोकं वाकवून. जेवला मात्र नेहमीसारखा नाही. ताटातली भाजी काट्याने इकडून तिकडे करत राहिला. पुढच्या आठवड्यात वेगासला निघायचं होतं.

"मा, एक विचारू?"

"विचार ना."

"तू मला पहिल्यापासून बघत आलीयेस. मी आधीपासून असाच होतो का गं? कोच म्हणतो, तू घाबरतोस. मी नाही घाबरत, मा. शप्पथ. मला पुढचं सगळं दिसत असतं, बॉल कुणाला द्यायचा ते कळत असतं, आणि तेवढ्यात हात... हात माझं ऐकतच नाहीत. कुणीतरी दुसऱ्यानंच सांगितल्यासारखे वर येतात." त्याने हात टेबलावर ठेवले आणि कुणा परक्याचे असावेत तसे त्यांच्याकडे बघत राहिला. "यावेळी तसं झालं तर संपलं सगळं. मग मी काय करू? मला दुसरं काही येत नाही."

पाव आणू का, असं ती म्हणाली. तो नको म्हणाला. ती उठून शेगडीशी गेली, झाकण उचललं, ठेवलं. नुसतं गप्प राहिलं तर काम झालं. आपल्याला काही करायचंच नाही. जुलै येईल, जाईल, तो घरी येईल, थोडे दिवस रडेल, आणि जिवंत राहील. माहीत नाही रे बाळा, एवढं म्हटलं तरी पुरे. तिने वळून बघितलं. तो अजून हातांकडे बघत होता. लहानपणी बोळातही त्याची मान अशीच असायची, थोडी डावीकडे झुकलेली, शाबास ऐकायला आलेली. त्याने त्याचं सगळं तिच्यापुढे टेबलावर मांडलं होतं, आणि ती झाकणाशी चाळा करत होती.

"बॉल कुठाय तुझा?" ती म्हणाली.

"गाडीत. का?"

"आण. आणि बोळात ये."

बोळ आता त्याला अरुंद पडत होता. दुपारचं ऊन मागच्या दाराच्या काचेतून आत आलं होतं. तो टप्पे देत तिच्याकडे येऊ लागला, काय चाललंय हिचं म्हणून हसत. अर्नेटाने चर्चचे बूट काढून ठेवले, भिंतीला पाठ लावून एक श्वास घेतला, आणि एकदम त्याच्या अंगावर धावून गेली. "ए! थांब!"

टप्पा मेला. बॉल त्याच्या छातीशी, दोन्ही हात पुढे, पाय रुतलेले, नजर खाली. आणि ओठ हलले, आवाज न होता. हो सर.

मग त्याने हळूच मान वर केली. "मा," तो म्हणाला. "हे तर ते आहे."

"हो."

"मी मैदानावर... मी ते करत होतो?"

"हो, बाळा."

तो भिंतीला टेकून खाली बसला. हसतोय की रडतोय हे तिला कळेना. त्याने चेहरा बॉलवर टेकवला होता. ती त्याच्यासमोर जमिनीवर बसली, गुडघ्याला गुडघा लावून. मग तो चेहरा न उचलता म्हणाला, "आता?"

"आता मैदानात थांबायचं नाही."

"आणि बाहेर?"

"बाहेर थांबायचं. तिथं थांबायचंच."

"हातांना कसं कळणार, मा?" तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, खरोखर विचारत होता. "आत कुठं आणि बाहेर कुठं, हे हातांना कसं कळायचं?"

हे तिच्या आईनेही तिला शिकवलं नव्हतं. तिने भिंतीचा आधार घेतला, उठली, आणि बोळाच्या टोकाला जाऊन उभी राहिली. "ऊठ," ती म्हणाली. "पुन्हा ये."

तो पुन्हा आला, पुन्हा थांबला. पुन्हा आला, थांबला. ती ओरडून ओरडून घोगरी झाली. मध्येच तिने शिव्या दिल्या, चर्चमधून आलेल्या बाईने देऊ नयेत अशा, आणि त्याला हसू फुटलं. आणि त्या हसण्यातच एकदा तो थांबला नाही. खांदा खाली गेला, बॉल तिच्या एका बाजूने, तो दुसऱ्या बाजूने, आणि बोळात फक्त त्याच्या अंगाचा वारा उरला. अर्नेटा रिकाम्या जागेवर आपटली, कोपर भिंतीला लागलं. मागे तो ओरडत होता, "मा! पाहिलंस? पाहिलंस?" तिने पाहिलं होतं. अकराव्या वर्षी असाच निसटला होता. त्या वेळी ज्या हाताने मारलं होतं त्याच हाताने तिने आता त्याची पाठ थोपटली आणि म्हणाली, "शाबास. पुन्हा." मग तो थांबलाच नाही. डावीकडून गेला, उजवीकडून गेला, तिच्याभोवती गरगर फिरून गेला. त्याचा चेहरा कसा उजळला होता! ओडमने हे बघायला हवं होतं, रोशेलने बघायला हवं होतं. याला आता कोण सोडतंय! तिला ओरडून सगळ्यांना सांगावंसं वाटलं. पण प्रत्येक वेळी तो निसटला की तिच्या हातांतून काहीतरी सुटत होतं, आणि ती ते स्वतःच सोडत होती.

निघताना त्याने तिला उचलून गोल फिरवलं. उरलेलं चिकन डब्यात घेतलं. ऊन अजून लख्ख होतं, शेजारच्या हिरवळीवर पाणी उडत होतं. अर्नेटा अनवाणीच पायऱ्यांवर आली. सावकाश जा, ती म्हणाली, आणि तो म्हणाला, हो गं. गाडीतलं गाणं मोठं झालं. गल्लीच्या टोकाला, चौकात, गाडी पूर्ण थांबवा असं सांगणारी लाल पाटी होती. तिथे न थांबणं पोलिसाला अडवायला पुरेसं होतं, तरी पुरतं कुणीच थांबत नसे. वेग जरा कमी करायचा, इकडे तिकडे बघायचं, निघून जायचं. कॉर्डेल थांबायचा. गाडी हाती आली त्या दिवसापासून, रस्ता रिकामा असला तरी, चाकं पूर्ण थांबवायचा, मग निघायचा. मित्र त्याला त्यावरून चिडवायचे.

त्याच्या गाडीचे मागचे दिवे लागले. नुसते लागल्यासारखे झाले आणि विझले. गाडी न थांबता एका लयीत डावीकडे वळली आणि निघून गेली.

"थांब!" अर्नेटा ओरडली. पायऱ्या उतरून, गवतातून, तापलेल्या डांबरावर येऊन ओरडली, "कॉर्डेल, थांब!" शेजाऱ्याने पाण्याची नळी खाली केली आणि काय झालं, कुणाला लागलं का, असं विचारत तो धावत कुंपणाशी आला. रस्ता रिकामा होता. गाण्याचा आवाजही आता येत नव्हता. अर्नेटा मधोमध उभी होती आणि तिला एक पाऊलही टाकता येत नव्हतं.